देवघरातल्या शंखाची अंडी

अंबडच्या आमच्या घरात दोन ठिकाणी शंख आहेत. एक आईच्या देवघरात, तांब्याच्या ताम्हणाशेजारी, पितळी अडणीवर. बाकीचे दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, जिवंत. टाकी तीन फूट लांब, पाणी साधारण दीडशे लिटर. लिटरमागे पस्तीस ग्रॅम या हिशेबाने मीठ कालवून मी समुद्र घरीच तयार करतो, कारण खरा समुद्र इथून पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. हा छंद असणारे अशा टाकीला ‘रीफ टँक’ म्हणतात, म्हणजे घरगुती प्रवाळखडक. माझ्या टाकीत खडक आहे, पण जिवंत प्रवाळ नाही. २००१ साली आपल्या देशातले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले आणि वाघाइतकेच संरक्षित झाले. त्यामुळे दगड, वाळू, चार मासे आणि गोगलगायी एवढ्यावरच माझे समाधान आहे.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात एका सकाळी आई फुले काढून आत आली आणि टाकीपाशी थांबली.

“अरे, काचेला जाळं धरलंय बघ.”

जाळे नव्हते. शिवणयंत्राने नागमोडी टाका घालावा तशी बारीक पांढरी दोरी काचेवर चिकटली होती. रात्री सेरिथियम जातीच्या निमुळत्या गोगलगायीने ती घातली होती.

“आई, ती अंडी आहेत. गोगलगायीची.”

आईने चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिले. मग विचारले, “समुद्रातली गोगलगाय म्हणजे शंखच ना?”

“हो.”

“मग आपल्या देवातला शंख? तोही असाच अंड्यातून आला?”

मला उत्तर आले नाही. तीस वर्षे कारखान्यात यंत्रावर काम केले, संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयात बसून जमेल ते वाचले आणि गेली काही वर्षे शंखशिंपल्यांच्या इतिहासामागे लागलो आहे. शंख फुंकतात कसा, पूजेतला आणि वाजवायचा यांत फरक काय, बांगड्या कुठे घडत, हे मी सांगू शकलो असतो. तो जन्मतो कसा, हे मात्र मी स्वतःला कधी विचारले नव्हते. हा लेख म्हणजे आईच्या त्या प्रश्नाचा शोध आहे. वाटेत तीन देशांतली काचेची भांडी लागली आणि शेवटी रस्ता आपल्याच जिल्ह्यातल्या एका खेड्यावरून गेला.

*

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या पण आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतो. म्हण करणाऱ्याने निरीक्षण मात्र चोख केले होते. प्राणिशास्त्रात गोगलगायींच्या वर्गाला ‘गॅस्ट्रोपोडा’ म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थ अक्षरशः ‘पोट हाच पाय’. मराठीत त्याचा ‘उदरपाद’ झाला. शेतातली गोगलगाय, तळ्यातली गोगलगाय, कवडी आणि विष्णूच्या हातातला शंख, सगळे याच वर्गातले.

तरीही आपल्या भाषेत शंख ही वस्तू राहिली, प्राणी झाला नाही. मोठ्याने रडणारा ‘शंख करतो’, मंदबुद्धीला आपण ‘शंख’ म्हणतो, मोठ्या संख्यांच्या यादीतही शंख आहे. भागवतातल्या कथेत तर स्पष्टच आहे, की समुद्रात राहणाऱ्या पंचजन नावाच्या दैत्याला कृष्णाने मारले आणि त्याच्या अंगचा शंख तो पांचजन्य. म्हणजे शंख हे कुणाचे तरी शरीर होते, ही जाणीव परंपरेलाही होती. पण ते शरीर दैत्याचे, आणि कथा त्याच्या मरणाची. जन्माची कथा कुणी सांगितली नाही. कवडीचेही तेच झाले. कवडीची मादी अंडी घातल्यावर त्यांच्यावर आपले पाऊल पसरून पिल्ले बाहेर पडेपर्यंत बसून राहते. ‘कवडीमोल’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे ते कधी येत नाही.

यात आपलाच दोष आहे असे नाही. कवच किनाऱ्यावर मिळते, टिकते, विकले जाते. अंडी पाण्याखाली असतात आणि काही दिवसांत संपतात. ती पाहायची तर जिवंत प्राणी पाण्यासकट डोळ्यांसमोर ठेवायला हवा. म्हणून शंखाच्या जन्माचा इतिहास काचेच्या टाकीच्या इतिहासापासून सुरू होतो.

*

त्या इतिहासाच्या आरंभी एक शिवणकाम करणारी बाई आहे. जान व्हिलप्रू-पॉवर ही फ्रान्समधल्या जुयाक गावची. पॅरिसमध्ये तिने कपडे शिवले, लग्नानंतर सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात गेली आणि तिथे स्वतःच्या बळावर निसर्गाचा अभ्यास करू लागली. कोणत्याही विद्यापीठाचा शिक्का तिच्यावर नव्हता. त्या काळी आर्गोनॉट नावाच्या, अष्टपादाच्या कुळातल्या प्राण्याबद्दल वाद चालू होता. त्याच्या अंगावरचे पातळ, सुंदर कवच तो स्वतः करतो की दुसऱ्या कुणाचे बळकावतो? मेलेले नमुने चिरून हा वाद सुटत नव्हता. या बाईने १८३२च्या सुमारास काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यांत समुद्राचे पाणी भरले, जिवंत आर्गोनॉट सोडले आणि अंड्यांपासून पुढची वाढ पाहिली. कवच मादीच तयार करते आणि ते मुळात तिच्या अंड्यांचे घर आहे, असे दिसले. १८३८मध्ये तिचा संग्रह आणि कागदपत्रे नेणारे जहाज बुडाले. जे वाचले त्यावर तिचे नाव टिकले. काचेची टाकी पहिल्यांदा अभ्यासासाठी वापरली गेली ती शोभेसाठी नव्हे, अंड्यांचा प्रश्न सोडवायला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दुसरे भांडे लंडनचे. रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनतज्ज्ञ. त्याने काचेच्या मोठ्या भांड्यात दोन छोटे सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, पाणी बदलावे लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता. काही दिवस तो बरोबर ठरला. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर शेवाळ चढले. वॉरिंग्टनने तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाल्ले आणि पाणी निवळले. शिवाय त्यांनी भरपूर अंडी घातली आणि ती माशांना खायला मिळाली. १८५०मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. आज घराघरांत, हॉटेलांत, दवाखान्यांत दिसणाऱ्या मत्स्यालयाचे गणित इथे पहिल्यांदा जुळले आणि ते जुळवणारी तिसरी भागीदार गोगलगाय होती. तिची नेमणूक मात्र झाली सफाई कामगार म्हणून आणि तिच्या अंड्यांची नोंद झाली माशांचे खाद्य म्हणून. आजही मत्स्यालयाच्या दुकानात गोगलगायी ‘सफाई पथक’ म्हणूनच विकल्या जातात.

त्यानंतर इंग्लंडला या छंदाचे वेडच लागले. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. १८५४मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे ‘दि अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि लोक टोपल्या, छिन्न्या घेऊन किनाऱ्यांवर गेले. पुढे १९०७मध्ये गॉसचा मुलगा एडमंड याने आपल्या आठवणींत खंत नोंदवली, की लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली खडकांमधली ती भरलेली डबकी संग्राहकांच्या फौजांनी रिकामी केली आणि त्याला नकळत कारण झाली ती वडिलांचीच पुस्तके.

हे वाचताना मी अवघडलो. माझीही एक गोष्ट आहे. टाकी नवी असताना मी कोकणातल्या एका किनाऱ्यावरून दोन बाटल्या भरून जिवंत गोगलगायी आणल्या होत्या. घाटात गाडी अडकली, बाटल्या तापल्या. घरी येईपर्यंत निम्म्या मेल्या आणि उरलेल्या टाकीत सोडल्यावर त्यांच्या कुजण्याने मासेही गेले. दुसऱ्या वर्षी माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला म्हणून तांबेयुक्त औषध घातले. मासे वाचले, गोगलगायी एकूण एक गेल्या. तांबे या प्राण्यांना विष आहे, हे मला नंतर समजले. देवघरात तांब्याच्या ताम्हणात आई शंखाला रोज स्नान घालते आणि दहा पावलांवर त्याच तांब्याने मी त्याचे भाऊबंद मारले होते. त्यानंतर मी किनाऱ्यावरून काही उचलून आणले नाही.

*

आता माझ्या काचेवरची अंडी. मुलांसाठी मिळते तसले स्वस्त सूक्ष्मदर्शक आणून मी ती रोज पाहू लागलो. त्या नागमोडी दोरीत शेकडो ठिपके होते. दोन-तीन दिवसांत ठिपके फिरू लागले. मग एका रात्री दोरी रिकामी झाली आणि विजेरीच्या झोतात धूळ नाचावी तशी पिल्ले पाण्यात तरंगताना दिसली. या अवस्थेला ‘व्हेलिजर’ म्हणतात. इवलेसे कवच आणि त्यातून बाहेर आलेले दोन गोल पडदे. पडद्यांच्या कडेला बारीक केस असतात. ते हलवून पिल्लू पोहते आणि सूक्ष्म शेवाळाचे कण तोंडाशी ओढते. खुल्या समुद्रात ते असे दिवसेंदिवस, कित्येकदा आठवडेच्या आठवडे प्रवाहाबरोबर जाते आणि योग्य तळ लागला की पडदे टाकून रांगायला लागते. माझ्या टाकीत प्रवाह म्हणजे पंप. सकाळपर्यंत निम्मी पिल्ले गाळणीत गेली होती आणि निम्मी माशांच्या पोटात.

पुढच्या खेपेला मी अंड्यांची दोरी ब्लेडने अलगद काढून बरणीत ठेवली, हिरवे पाणी तयार करून थेंब थेंब घातले, हवेची नळी मंद सोडली. पाचव्या दिवशी बरणीच्या तळाला पांढरा गाळ बसला होता. तीच सगळी पिल्ले. असे मी चार वेळा केले. वाळूत राहणाऱ्या नासारियस गोगलगायीच्या अंड्यांबाबतही हेच झाले. तिची अंडी म्हणजे काचेवर ओळीने चिकटवलेले पारदर्शक चपटे थेंब.

ट्रोकस या भोवऱ्याच्या आकाराच्या गोगलगायींची रीत आणखी वेगळी. त्या दगडाच्या टोकावर चढतात आणि नर पाण्यात धुरासारखे बीज सोडतो, मग मादी अंडी सोडते. पिल्ले पोहतात, पण काही दिवसच, आणि तेवढे दिवस अंड्यातल्या शिदोरीवर जगतात. म्हणून मोठ्या ट्रोकसची पैदास हौदांत करणे जमले आहे. याच ट्रोकसच्या कवचापासून एके काळी सदऱ्यांची मोत्यासारखी बटणे होत. अंदमानातल्या या शंखांच्या मासेमारीवर पुढे मुंबई प्रांताच्या मत्स्यखात्याचे प्रमुख झालेले डॉ. एस. बी. सेटना यांनी १९३३मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले होते.

आणि मग एक दिवस, कोणताही खटाटोप न करता, काचेवर खसखशीएवढ्या गोगलगायी रांगताना दिसल्या. दगडाबरोबर आलेली, ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी, ठिपकेदार अशी एक जात टाकीत होती. तिची अंडी मी पाहिलीही नव्हती. तिची पिल्ले पोहतच नाहीत. अंड्यातच सगळी वाढ करून, आईची छोटी प्रतिकृती होऊन बाहेर येतात. पंपाने ती ओढली जात नाहीत, हिरवे पाणी लागत नाही. आज माझ्या टाकीत ती शेकड्यांनी आहेत.

म्हणजे समुद्री गोगलगायींना संसाराचे दोन टोकांचे रस्ते आहेत. एक, असंख्य पिल्ले प्रवाहावर सोडून देण्याचा. दुसरा, थोडीच पिल्ले पण घरातच वाढवून पाठवण्याचा. या विषयाची शिस्तशीर मांडणी गुन्नार थॉर्सन या डॅनिश अभ्यासकाने केली. इराणच्या आखातातल्या गोगलगायींच्या अंड्यांवर त्याचे लेखन १९४०मध्ये आले, म्हणजे आपल्याच अरबी समुद्राच्या पलीकडच्या कोपऱ्यातले. मग १९५०मध्ये त्याने जगभरच्या समुद्रतळावरच्या प्राण्यांचा मोठा आढावा घेतला. कोणती जात कोणत्या रस्त्याची, हे कवचाकडे नुसते पाहून माझ्यासारख्याला कळत नाही. अंडी पाहावी लागतात.

आईचा प्रश्न आता नेमका झाला होता. देवघरातला शंख कोणत्या रस्त्याचा?

*

मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे गाव आहे. ११ मार्च १८६३ रोजी तिथे गोपाळराव नावाचा मुलगा जन्मला. १८७५मध्ये बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, शिष्यवृत्त्या यांसाठी आपण महाराजांना ओळखतो. शंखाच्या शोधात त्यांचे नाव येईल असे मला वाटले नव्हते.

बडोदा संस्थानाचा एक तुकडा मुख्य भूभागापासून दूर, सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाला होता. तो म्हणजे ओखामंडळ. द्वारका त्यातच आणि समोरचे बेटही त्यातच. त्या बेटाचे जुने नाव शंखोद्धार. कच्छच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या या किनाऱ्यावर प्रवाळखडक आहेत आणि ओहोटीला पाणी हटले की शंख सापडतात. ही परंपरा फार जुनी. द्वारकेजवळच्या नागेश्वर इथे बडोद्याच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले तेव्हा हडप्पा काळातली शंखकामाची वसाहतच सापडली. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथे शंख कापून बांगड्या घडत होत्या.

या किनाऱ्यावर मोती, शंख आणि मासे यांतून काय उत्पन्न होऊ शकेल, हे तपासण्यासाठी बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल या समुद्रजीवतज्ज्ञाला बोलावले. सिंहलद्वीपातल्या मोत्यांच्या कालवांवर त्याने काम केले होते. १९०५-०६मध्ये त्याने ओखामंडळचा किनारा धुंडाळला. ‘ओखामंडळच्या सागरी प्राणिसृष्टीचा बडोदा सरकारला सादर केलेला अहवाल’ या अर्थाच्या नावाने त्याचा पहिला भाग १९०९मध्ये आणि दुसरा १९१६मध्ये लंडनहून छापून आला. महसुलाच्या चौकशीतून निघालेल्या या ग्रंथात संस्थानाने जगभरच्या तज्ज्ञांकडून स्पंज, गोगलगायी, कृमी यांच्यावर प्रकरणे लिहून घेतली. दुसऱ्या भागात खुद्द हॉर्नेलचे शंखावर आणि हिंदू जीवनातल्या त्याच्या स्थानावर दीर्घ प्रकरण आहे. मधल्या काळात तो मद्रासच्या मत्स्यखात्यात गेला आणि १९१४मध्ये त्याने ‘दि सेक्रेड चँक ऑफ इंडिया’ हा शंखावरचा स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. या लेखनाच्या संगणकावरच्या प्रती मी रात्री-रात्री, शब्दकोश जवळ घेऊन वाचल्या. आईच्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते.

देवघरातला शंख, शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम, हा वाळूत राहून कृमी खाणारा प्राणी आहे. मादी अंडी घालते ती सुटी नाहीत. ती एक अंडकोश तयार करते. मेंढ्याच्या शिंगासारखा पिळदार, वितीएवढा, चिवट आणि शिंगाच्याच रंगाचा. त्याचे एक टोक वाळूत रोवलेले असते आणि बाकीचा भाग पाण्यात उभा डोलतो. आत एकावर एक रचलेले कप्पे असतात, चाळीतल्या खोल्यांसारखे. प्रत्येक कप्प्यात पुष्कळ अंडी असतात, पण सगळी वाढत नाहीत. जी वाढतात ती उरलेल्यांना खाऊनच वाढतात. शेवटी कप्प्याच्या दारातून मोजकी पिल्ले बाहेर पडतात आणि ती व्हेलिजर नसतात. ती शंख असतात. करंगळीच्या नखाएवढे, पूर्ण आकाराचे, थेट वाळूत रांगणारे.

म्हणजे ज्याचा नाद दूरवर जावा म्हणून आपण तो फुंकतो, त्या शंखाचे पिल्लू मात्र जिथे जन्मते तिथल्याच आसपास राहते. माझ्या टाकीतल्या ठिपकेदार गोगलगायीच्या रस्त्याचा हा प्राणी आहे.

ही गोष्ट समजल्यावर मला शंखाच्या व्यापाराचा इतिहास वेगळा दिसू लागला. तमिळनाडूतल्या तुतिकोरीनपासून सौराष्ट्रापर्यंतचे शंख ढाक्याच्या शांखारी बाजारात जात आणि बंगालातल्या सुवासिनींच्या हातात बांगड्या होऊन येत. तुतिकोरीनला पाणबुड्ये बुडी मारून शंख काढत आणि ठरावीक मापापेक्षा लहान शंख जिवंत पुन्हा समुद्रात सोडायचा, असा नियम होता. पूर्वी मला तो नियम व्यापाऱ्याची काटकसर वाटे. आता त्याचे कारण कळते. पोहणाऱ्या पिल्लांच्या जातीचा एखादा खडक ओरबाडला, तर शंभर कोसांवरून प्रवाह नवी पिल्ले आणून टाकू शकतो. शंखाच्या वाळूत तसे होत नाही. तिथले पोक्त शंख संपले, तर बाहेरून भर घालणारे कुणी सहज येत नाही. लहान शंख सोडणे म्हणजे उद्याची आई सोडणे. याच गुणाचा उलटा फायदाही आहे. अंडकोश आणून हौदात जपला, तर पिल्ले तयारच बाहेर येतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरीन केंद्रात शंखाच्या पैदाशीचे प्रयोग झाले ते त्यामुळेच.

*

हे सगळे एकदा घरी सांगत होतो, तेव्हा पुतण्या आला. त्याने पाथर्डी फाट्याला नवे घर घेतले होते आणि वास्तुशांतीसाठी दक्षिणावर्ती शंख पाहून ठेवला होता. पंचवटीतल्या एका दुकानातून दाखवायला आणला होता. किंमत काही हजारांत.

शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले, तर बहुतेक शंखांचे तोंड उजव्या हाताला उघडते. क्वचित एखाद्याचे डाव्या हाताला. आपण पूजेत शंख उलटा, टोक खाली करून पाहतो, म्हणून शास्त्रज्ञांचा डावा शंख तो आपला दक्षिणावर्ती. खऱ्या शंखात असा एखादा नमुना अतिशय दुर्मीळ, म्हणून त्याला मोल.

ही दिशा ठरते कशी, याचा शोधही बरण्यांतच लागला. आर्थर बॉयकॉट हे लंडनचे वैद्यकीय प्राध्यापक आणि सिरिल डायव्हर हे इंग्लंडच्या संसदेच्या कार्यालयात नोकरी करणारे हौशी निसर्ग अभ्यासक. दोघांनी तळ्यातल्या गोगलगायींच्या पिढ्यांमागून पिढ्या भांड्यांत वाढवल्या आणि १९२३मध्ये डाव्या-उजव्या वळणाच्या वारशाचे निष्कर्ष मांडले. आकडे चमत्कारिक होते. डाव्यांच्या पोटी सगळे उजवे, उजव्यांच्या पोटी सगळे डावे, असेही घडत होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्टर्टेव्हंट यांनी कोडे उलगडले. पिल्लाचे वळण त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रांवर ठरत नाही, आईच्या ठरते. आई अंड्यात जे भरून ठेवते त्याने अंड्याच्या पहिल्या काही विभागण्यांतच दिशा निश्चित होते. २०१९मध्ये जपानी संशोधकांनी तळ्यातल्या गोगलगायीतले एकच जनुक निकामी केले आणि उजव्या जातीत डावी पिल्ले जन्मली. ती जात होती लिम्निया स्टॅग्नॅलिस, वॉरिंग्टनच्या भांड्यात सफाईला ठेवलेलीच.

पुतण्याच्या शंखाकडे वळतो. मी तो उजेडात धरला आणि तोंडाच्या आतल्या खांबावरून बोट फिरवले. खऱ्या शंखात तिथे तीन-चार ठसठशीत आडव्या वळ्या लागतात. इथे खांब गुळगुळीत होता. हा टर्बिनेला नव्हेच. अमेरिकेच्या किनाऱ्यावर राहणारी व्हेल्क नावाची गोगलगाय, जिची सगळी जातच जन्मतः डाव्या वळणाची. तिच्या देशात त्यात दुर्मीळ काही नाही. ती समुद्र ओलांडून आपल्याकडे येते आणि दक्षिणावर्ती म्हणून खपते.

पुतण्याचा चेहरा उतरला. “मग काका, खरा कुठे मिळेल?”

मी काही बोलण्याआधी आई उठली. देवघरातून शंख घेऊन आली. तिच्या सासूबाईंनी द्वारकेच्या यात्रेत घेतलेला, साधा, उजव्या तोंडाचा. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

“हा ने. आणि नवा घेऊ नकोस. याच्या आईनं एवढं शिंग करून ठेवलं होतं याच्यासाठी, ते एकदा झालं तेवढं पुरे.”

शंख पाथर्डी फाट्याला गेला. आईच्या देवघरात अडणी रिकामी आहे आणि तिथे ती रोज एक फूल ठेवते. टाकीची काच मी दर रविवारी घासतो. नागमोडी दोरी दिसली तर तेवढा भाग सोडून बाकीची काच घासतो. त्या अंड्यांतून माझ्या टाकीत काही उरणार नाही, हे आता मला पक्के ठाऊक आहे. तरी आई सकाळी फुले घेऊन आत येते तेव्हा आधी तिकडे पाहते आणि अजून आहेत का विचारते.